कंदांचे घड्याळ

वसंतात फुलण्याआधी ट्यूलिपच्या कंदाला सुमारे १२ ते १६ आठवडे गारवा लागतो. त्या गारव्यात कंदात साठलेल्या स्टार्चची साखर होते आणि दांडा वाढायला बळ मिळते. जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरच्या परसात एवढी थंडी टिकत नाही. इथल्या कंदांचे घड्याळ वेगळे आहे. फुटबॉल लिली पाने गाळून हिवाळाभर झोपते आणि मे महिन्याच्या उकाड्यात तिचा लाल गोळा वर येतो. एका गोळ्यात शंभरहून अधिक फुले असू शकतात! रेन लिली पावसाची वाट पाहते, सरीनंतर काही दिवसांतच उमलते. म्हणून फेब्रुवारीत कुंडी रिकामी दिसली तरी माती उपसू नका. कंद आत जिवंत असतो. पाणी मात्र बेताने घाला, नाहीतर तो सडेल.