अंगणात कोणते झाड लावावे? ऊन, दमा आणि लहान मुलांचा विचार

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत उघडी असेल किंवा वर पत्रे असतील, तर घर रात्रीही तापलेलेच राहते. याचा सर्वाधिक त्रास वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार किंवा मधुमेहाचे रुग्ण यांना होतो. अंगणातले मध्यम उंचीचे, दाट सावलीचे झाड हा त्यावर टिकाऊ उपाय आहे. मात्र निवड चुकली तर तेच झाड आजाराचे किंवा अपघाताचे कारण ठरू शकते.

झाडामुळे घर थंड कसे राहते?

सावलीमुळे भिंत आणि फरशी कमी तापतात. शिवाय पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडताना भोवतालच्या हवेतील उष्णता खर्च होते. दुपारनंतरचे ऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर येते, म्हणून झाड शक्यतो त्याच बाजूला लावावे.

योग्य झाडे

• करंज: कमी पाण्यावर तग धरतो, मुळे खोल जातात. जुनी पाने गळली की लवकरच नवी पालवी येते, त्यामुळे मे महिन्यात दाट सावली मिळते. बिया मात्र खाण्याच्या नाहीत. पोटात गेल्यास उलट्या होऊ शकतात.
• बकुळ: बारमाही हिरवी, गोल घेराची, मजबूत लाकडाची. पिकलेली फळे खाता येतात. वाढ सावकाश होते, पण लहान मुलांच्या घरासाठी उत्तम.
• कडुनिंब: अतिशय काटक, पण मोठा वाढतो. जागा ऐसपैस असेल तरच लावावा.

बहावा देखणा आहे, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पाने गळतात. सावलीसाठी लावायचे असेल तर तो निवडू नये.

ही झाडे टाळा

• कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी): सर्व भाग विषारी. मुले बिट्टीच्या बियांशी खेळतात. बी चावून गिळल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता, उलटी न काढता, बी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.
• वेडी बाभूळ: परागकणांमुळे शिंका, डोळ्यांना खाज आणि दमा वाढू शकतो.
• सातवीण: ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या फुलांचा उग्र वास दम्याच्या काही रुग्णांना सहन होत नाही.
• गुलमोहर, सुबाभूळ: वळवाच्या वादळात फांद्या मोडून पडतात.

लावताना काय काळजी घ्यावी?

भिंत, शौचालयाची टाकी आणि पाइपलाइन यांपासून किमान १२ ते १५ फूट अंतर ठेवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. त्यात झाडाची मुळे पाणी ओढू लागली की पायाला तडे जाण्याची शक्यता वाढते. वर विजेच्या तारा नसाव्यात. जून-जुलैत लागवड करून पहिले २-३ उन्हाळे पाणी द्या. रोज नळाला पाणी नसते, तेव्हा भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते. आळ्यात पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात साधारण ८-१० दिवसांत तयार होतो. बुंध्याभोवती सिमेंट घालू नका.

शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. म्हणून निवड आधीच नीट करा.

झाड मोठे होईपर्यंत

सावली मिळायला काही वर्षे लागतात. तोवर पश्चिमेला हिरवी जाळी किंवा ओला पडदा लावा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, बेशुद्ध पडले किंवा अंग खूप तापले, तर त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.