एकच गाणं, तीन रूपं

निबंधाची पहिली ओळ खोडावी लागली की बरीच मुलं "मला जमतच नाही" म्हणून वही मिटतात. अशा मुलांना बीटल्सचं 'गेट बॅक' हे गाणं तीन रूपांत ऐकवा.

आधी सराव. जानेवारी १९६९, लंडन. पॉल मॅकार्टनी बास गिटार वाजवत नुसतं गुणगुणतोय, धड शब्दही नाहीत. पीटर जॅक्सन यांच्या २०२१ च्या माहितीपटात हे दिसतं.

मग स्टुडिओ. मुद्रण २७ जानेवारीचं, शेवटचा तुकडा दुसऱ्या दिवशीच्या मुद्रणातून जोडलेला. रेकॉर्डवर हा सांधा सहज कळतही नाही.

आणि ३० जानेवारीला थंडीत, इमारतीच्या गच्चीवर तेच गाणं तीनदा. शेवटच्या वेळी पोलीस आले, अँप्लिफायर मध्येच बंद झाले. तरी त्यांनी गाणं पूर्ण केलं.

आता मुलांना विचारा: काय बदललं? काय तसंच राहिलं? कोणतं रूप आवडलं, आणि का?

एरवी आपण मुलांपुढे तयार झालेलंच ठेवतो, म्हणून खाडाखोड त्यांना अपयश वाटते. यापुढे निबंधाची कच्ची पानं फेकू देऊ नका. पक्क्या निबंधासोबत तीही तपासा.