निफाडचा पारा

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. पर्यटक स्वेटर घेऊन महाबळेश्वरला जातात, पण राज्यातल्या नीचांकाचा मान पुष्कळदा ऊस-द्राक्षांच्या या सपाट तालुक्याकडे येतो. 2018 च्या डिसेंबरअखेरीस तिथला आकडा दोन अंशांच्याही खाली गेला होता.

हा आकडा येतो निफाडला लागून असलेल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. त्याचं मुख्य काम गव्हाचे वाण काढण्याचं. त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी ही नावं भाविकाला तीर्थांची वाटतील. शेतकऱ्याला ती बियाण्याच्या पिशवीवरून ठाऊक आहेत. तरी केंद्राचं नाव महाराष्ट्रभर झालं ते गव्हामुळे नाही, थंडीमुळे. हा त्या केंद्रावर थोडा अन्यायच आहे.

कृषी वेधशाळेत हवेचं तापमान मोजायला फार भारी सामान लागत नाही. उंच पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा आणि आत जमिनीपासून सुमारे चार फुटांवर तापमापक. रचना थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह अभियंत्याची, एकोणिसाव्या शतकातली. ('ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा.) आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडल्यावर ऊन आत शिरत नाही. एवढी काळजी घ्यायची, कारण उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगतच नाही, स्वतःचं सांगतो. दिवसाचा उच्चांक पाऱ्याच्या नळीवर मोजतात. नीचांकाच्या आडव्या नळीत मात्र मद्यार्क असतो आणि त्यात एक बारीक काडी. थंडीने मद्यार्क आक्रसला की काडीला मागे ओढतो. पुन्हा प्रसरण पावला की तिला तिथेच सोडून पुढे जातो. सकाळी येणाऱ्या निरीक्षकाला रात्रीतला सर्वांत थंड क्षण असा आयता मिळतो.

कृषी वेधशाळांतलं आणखी एक यंत्र मला फार आवडतं. त्यात ना चक्र ना तार. भरीव काचेचा एक गोळा आणि त्यामागे खाचेत बसवलेली पुठ्ठ्याची पट्टी, बस्स. गोळ्यातून ऊन एका बिंदूत एकवटतं आणि पट्टीवर करपल्याची रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की लख्ख उन्हाचे तास कळतात. या कॅम्पबेल-स्टोक्स यंत्रात सूर्य स्वतःची हजेरी स्वतःच मांडतो.

ते ऊन सुमारे पंधरा कोटी किलोमीटरवरून सव्वाआठ मिनिटांत येतं. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना काटकोनात धरलेल्या दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट शक्ती मिळते. पृथ्वी गोल आणि तिची अर्धी बाजू कायम अंधारात, म्हणून सरासरी काढली तर ती 340 वॅट भरते. त्यातलं शंभरातलं तीस ढग, हवा, बर्फ, वाळू परतवून लावतात. वीस-बावीस हवेत शोषलं जातं. उरलेलं, म्हणजे निम्म्याच्या आसपास, जमिनीच्या आणि पाण्याच्या पदरात पडतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते हवेतून पार होऊन खाली येतं, जमीन तापते आणि मग जमीन हवेला तापवते: स्पर्शाने, वर चढणाऱ्या गरम झोतांनी, ओलाव्याच्या वाफेने आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी. म्हणून सूर्य माथ्यावर असतो बारा-साडेबाराला, पण हवेचा उच्चांक येतो दोन-तीनच्या सुमारास.

आता गंमत पाहा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैपेक्षा तब्बल पन्नास लाख किलोमीटरनी. आणि नेमक्या त्याच दिवसांत निफाडकर शेकोटीला बसलेले असतात. कारण अंतरापेक्षा किरणांचा तिरपेपणा भारी पडतो. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे तिथे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि दिवस तेरा तासांहून मोठा असतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर येतो. एक चौरस मीटरचा झोत जवळजवळ 1.4 चौरस मीटर जमिनीवर पसरतो आणि दिवस अकरा तासांवर येतो. मिळकत अशी दोन्ही बाजूंनी घटते.

तरी खरी कहाणी रात्रीची. जमीन अवरक्त किरणांनी उष्णता सोडत असते, दिवसाही आणि रात्रीही. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला मोठा वाटा अडवून खाली परत धाडतात. हे नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या पंधराऐवजी उणे अठरा अंश असतं. ढग असले म्हणजे तर जमिनीवर गोधडीच पडली. डिसेंबरातल्या निफाडवर ना ढग, ना हवेत पुरेशी वाफ, ना वारा. उत्तरेकडून थंड कोरडी हवा येते हे खरंच, पण शेवटचे पाच-सात अंश जमीन स्वतःच आकाशाला देऊन टाकते. गार झालेली हवा जड होते, उतार धरते आणि गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात साचते. महाबळेश्वर डोंगरमाथ्यावर; तिथली गार हवा दऱ्यांत घरंगळून जाते. निफाडला ती जायची कुठे? नीचांक येतो तो मध्यरात्री नाही, सूर्य उगवण्याच्या सुमाराला. कोवळ्या उन्हाची आवक जमिनीच्या खर्चाला भारी होईपर्यंत घसरण चालूच राहते.

या रात्रीच्या हवेवर मूलभूत काम झालं ते आपल्या पुण्यात. एल. ए. रामदास हे भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक. 1932 मध्ये त्यांनी आणि आत्मनाथन यांनी दाखवलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड थर उघड्या जमिनीला चिकटलेला नसतो, तर तिच्यापासून थोडा वर, वीतभर-हातभर उंचीवर असतो. परदेशी शास्त्रज्ञांना ते बरीच वर्षं पटेना. मोजण्यातली चूक असावी, असं त्यांना वाटलं. आज तो 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या कारणांवर अजून संशोधन चालतं.

निफाडच्या शेतकऱ्याचं सुखदुःख याच आकड्यात अडकलेलं. थंडी गव्हाला मानवते, फुटवे भरपूर येतात. शेजारच्या द्राक्षबागेत त्याच पहाटे मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चटका असा फरक वाढला की पांढऱ्या द्राक्षांत गुलाबी मणी निघतात आणि निर्यातीचा माल बाद होतो. म्हणून घडाघडाला कागद गुंडाळतात. उन्हाशी वेलीचं नातं तर त्याहून जुनं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिने काडीवरच्या डोळ्यांना ऊन नीट मिळालं, तरच त्यांत सूक्ष्म घड तयार होतात. मे-जून ढगाळ गेला तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात. म्हणजे फेब्रुवारीत आपण खातो ते द्राक्ष आदल्या उन्हाळ्यातल्या उन्हाने ठरवलेलं असतं.

थंडीवर उपाय म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. पाण्याचा उपाय पक्का: विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते. धुराचं मात्र उगाच कौतुक होतं. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीचे अवरक्त किरण त्यांना फारसे जुमानत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा आणि तिने हवा ढवळली जाते त्याचा.

बागाईतदारांना सांगणं एवढंच की पेपरातला आकडा कुंदेवाडीच्या पेटीतला, सावलीतला, चार फुटांवरचा असतो. वेलीचं पान उघड्या आकाशाखाली त्याहून काही अंश थंड होतं. म्हणून आकडा शून्याच्या वर असतानाही पानावरचं दव गोठलेलं दिसतं. तेव्हा आपल्या बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर आणि आडोशाला स्वतःचा एक नीचांक तापमापक टांगावा, आणि संध्याकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला दिसला तर पाण्याची तयारी रात्रीच करून ठेवावी.