आजोबांच्या डब्यातली तिकिटं: ओळखा, पण आधी जपा!

घर आवरताना जुन्या टपाल तिकिटांनी भरलेला डबा हाती लागला, तर तुम्ही काय कराल? काहीही करा, फक्त मी केलेली चूक करू नका.

लखनौच्या सरोजिनी नगरातल्या आमच्या घरी आजोबांचा असाच बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत देशोदेशीची तिकिटं. काही सुटी, काही पाकिटांवर चिकटलेली. मी उत्साहाने पाकिटांचे कोपरे कापले, पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली आणि उरलेला कागद फेकून दिला. एका तिकिटावर तीन नावं होती: केनिया, युगांडा, टांगानिका. आजी म्हणाली, "ह्यांच्या थोरल्या भावाचं पत्र असणार. ते आफ्रिकेत होते." आफ्रिकेत नेमके कुठे, हे तिला आठवेना.

नंतर कळलं, की या तीन प्रदेशांची टपालसेवा तेव्हा एकच होती आणि हे तिकीट तिन्हीकडे चालायचं. म्हणजे गाव सांगू शकला असता तो फक्त पोस्टाचा शिक्का. तो अर्धा तिकिटावर होता आणि अर्धा मी फेकलेल्या कागदावर!

म्हणून पाकीट असेल तर ते अख्खं ठेवा. शिक्का, पत्ता, हस्ताक्षर हीच तुमच्या घरची खरी ठेव. आता ओळखण्याकडे वळू या.

देशाचं नाव शोधा

अनेक देश तिकिटावर स्वतःच्या भाषेतलं नाव छापतात. 'मग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'स्वेरिये' म्हणजे स्वीडन. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रभाषा चार, म्हणून तिथे 'हेल्वेशिया' हे लॅटिन नाव. इंग्रजी 'सीसीसीपी'सारखी दिसणारी अक्षरं रशियन लिपीतली आहेत. ते तिकीट सोव्हिएत संघाचं.

नावच नाही? राजा किंवा राणीचा चेहरा दिसतो का पाहा. ते बहुधा ब्रिटनचं असेल. टपाल तिकीट १८४० मध्ये तिथेच सुरू झालं, त्यामुळे ब्रिटन आजही तिकिटावर देशाचं नाव छापत नाही.

नकाशात नसलेले देश

नाव वाचता आलं, पण नकाशात सापडत नाही? तो देश नाव बदलून बसला असेल. गोल्ड कोस्ट १९५७ मध्ये घाना झाला, सिलोन १९७२ मध्ये श्रीलंका. टांगानिका आणि झांजिबार १९६४ मध्ये एक होऊन टांझानिया झाले. अशा तिकिटांवरून पत्र साधारण कोणत्या काळातलं, याचा अंदाज येतो.

काही 'परदेशी' तिकिटं तर आपल्याच अंगणातली निघतात. 'इंडिया पोर्तुगेझा' किंवा 'एस्तादो द इंडिया' दिसलं, तर ते पोर्तुगीज काळातल्या गोव्याचं, म्हणजे १९६१ पूर्वीचं. होळकरांच्या इंदूरची आणि पुण्याजवळच्या भोर संस्थानाचीही स्वतःची तिकिटं होती.

हाताळायचं कसं?

तिकीट बोटांनी नको, टोकं गुळगुळीत असलेल्या चिमट्याने उचला. डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका. भिंगातून नाव, किंमत आणि कडेचे दाते पाहा. मोबाइलवर फोटोवरून शोधता येतं, पण एकसारखी दिसणारी तिकिटं वेगवेगळ्या छपाईची असू शकतात. त्यामुळे उत्तर स्टॅन्ली गिबन्ससारख्या कॅटलॉगशी ताडून पाहा. जवळच्या मोठ्या पोस्टात फिलाटेली विभाग असेल, तर तिथे नेहमी येणाऱ्या जुन्या संग्राहकांनाही विचारता येईल.

लाखो रुपये मिळतील?

बहुतेक वेळा नाही. जगातलं पहिलं तिकीट 'पेनी ब्लॅक' सुमारे ६ कोटी ८० लाख छापलं गेलं, म्हणून तेही तसं दुर्मीळ मानत नाहीत. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. पण म्हणून घाईने रद्दीतही देऊ नका.

आता रविवारी दुपारी मी आजीसमोर एकेक तिकीट ठेवते. ती आठवेल ते सांगते, मी पाकिटाचा फोटो काढून वहीत लिहून ठेवते. देशाचं नाव कॅटलॉगमध्ये सापडतं, पण ते पत्र कुणाचं हे घरच्या मोठ्यांनाच ठाऊक असतं. ते सांगायला आहेत, तोवर विचारून घ्या.

मग, कधी उघडताय तुमचा डबा?