बारा वर्षं परमुलुखात



आज एका चित्रकार बाईची गोष्ट सांगायची आहे. बाई फ्रान्सची, पॅरिस शहरात वाढलेली. नाव एलिझाबेथ विझे ल ब्रँ. नाव जरा जिभेला अवघड आहे, म्हणून आपण तिला नुसतं एलिझाबेथ म्हणू. ती जन्मली 1755 साली. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती, पानिपत अजून सहा वर्षं लांब होतं. माणसांच्या तसबिरी काढणं हा तिचा धंदा. या धंद्याच्या जोरावर ती इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया, इंग्लंड असे देश फिरली. तीही हौसेनं नाही, जीव वाचवायला घराबाहेर पडली म्हणून.

तिचे वडील लुई विझे हेही तसबिरीच काढायचे. रंगीत खडूनं काढायचे. आई केशरचना करणारी. मुलीला मठाच्या शाळेत ठेवलं होतं. तिथं ती वह्यांच्या कडांवर, भिंतींवर, मिळेल तिथं चेहरे काढत बसायची आणि शिक्षा खायची. घरी आली की वडील कौतुक करायचे. पण ती बारा वर्षांची असताना वडील गेले. माशाचा काटा पोटात अडकला, शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली.

आईनं दुसरं लग्न केलं, एका सोनाराशी. पैसेवाला म्हणून केलं. निघाला भलताच चिकट. एलिझाबेथ पंधराएक वर्षांची असतानाच तसबिरी काढून कमवायला लागली होती. ती सगळी कमाई हा सावत्र बाप घ्यायचा. वर तिच्या वडिलांचे कपडे स्वतःच्या अंगावर घालून हिंडायचा. हे कपड्यांचं तिला पैशापेक्षा जास्त लागलं असावं. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही ते तिनं सोडलेलं नाही.

आता हा धंदा चालायचा कसा, ते थोडं सांगते. फोटो नव्हते. लग्न ठरायचं, पोरगं व्हायचं, कुणाला मोठं पद मिळायचं, की लोक चित्रकाराला बोलावून तसबीर काढून घ्यायचे. गिऱ्हाइकानं समोर येऊन बसायचं, दोन दोन तास, आणि असं अनेकदा. पण चित्रकारीत बायकांना सगळी दारं उघडी नव्हती. उघड्या देहाचा माणूस समोर उभा करून शरीराचा अभ्यास करायचा, हे शिक्षण फक्त पुरुषांना. तो अभ्यास नसला की लढाया, पुराणकथा अशी मोठी चित्रं जमत नाहीत, आणि मान आणि मोठी बिदागी त्याच चित्रांना. बायकांना उरायच्या तसबिरी आणि फुलं-फळं. शिवाय धंद्याला परवाना लागायचा. 1774 मध्ये बिनपरवान्याची चित्रं काढते म्हणून सरकारी माणसांनी तिच्या खोलीला सील ठोकलं. मग तिनं चित्रकारांच्या संघात अर्ज केला आणि सभासद झाली. वय एकोणीस.

आणखी एक अडचण होती, ती ऐकणाऱ्या सगळ्याजणींना सांगायला नको. तरुण पुरुष तसबीर काढायला यायचे ते चित्रासाठी कमी आणि हिच्याकडे टक लावून बघायला जास्त. हिनं युक्ती काढली. अशा माणसाची नजर ती लांब कुठंतरी लागलेली अशी काढायची. तो हिच्याकडे वळला, की ही म्हणायची, आता मी डोळेच काढतेय, हलू नका. आई तिथंच बसलेली असायची, तिला सगळं कळायचं आणि ती हसू दाबायची.

1776 मध्ये तिनं लग्न केलं, चित्रांचा व्यापार करणाऱ्या ल ब्रँशी. सावत्र बापाच्या जाचातून सुटायचं हेही एक कारण होतं. माणूस बोलायला गोड, चित्रांची पारख उत्तम. पण जुगाराचा नाद आणि बाहेरख्याली. त्या काळी पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे बायकोच्या मिळकतीवर नवऱ्याचाच ताबा. म्हणजे बापाच्या घरातून सुटली आणि पगार दुसऱ्या खिशात जायला लागला, एवढंच. 1788 मधली एक गोष्ट ती सांगते. एका राजपुत्राच्या चित्राचे बारा हजार फ्रँक आले. सोन्याच्या नाण्यांत मोजले तर सुमारे पाचशे लुई. तिनं नवऱ्याला म्हटलं, यातले दोन लुई तेवढे मला ठेवा. तो म्हणाला, नाही, मला सगळेच लागणार आहेत. पाचशेतले दोन!

1778 पासून ती राणी मारी आंत्वानेतच्या तसबिरी काढू लागली. दोघी एकाच वयाच्या. एकदा एलिझाबेथला दिवस गेलेले असताना बैठकीला जाणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घाबरत माफी मागायला गेली, तर राणीनं त्याच दिवशी बैठक दिली. गडबडीत हिच्या हातून कुंचले खाली सांडले. वाकू नका, तुमच्या अवस्थेत बरं नाही, असं म्हणत राणीनं ते स्वतः उचलले. 1780 मध्ये मुलगी झाली, तिचं नाव जूली. कळा सुरू झाल्या तरी ही चित्रापुढंच. दोन कळांच्या मध्ये रंग लावत होती. एका मैत्रिणीनं विचारलं, बाळंतपणाची सगळी तयारी केलीस ना? हिला काय काय लागतं तेच माहीत नव्हतं.

1783 मध्ये ती राजाच्या चित्रकार-अकादमीत घेतली गेली. तिथं एका वेळी फक्त चार बायकांना जागा होती. चित्रांच्या व्यापाऱ्याची बायको म्हणून तिला घ्यायला विरोध झाला, तो राणीच्या शब्दानं मिटला. त्याच वर्षी प्रदर्शनात तिनं राणीची तसबीर लावली. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगते. पांढऱ्या पातळ मलमलीचा सैल झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी, हातात गुलाब. आपल्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण तिथं गहजब झाला. राणीनं जड रेशीम, जडजवाहीर घालून दिसायचं, आणि ही तर आतल्या कपड्यांत बसलीय, असं लोक म्हणाले. चित्र उतरवावं लागलं. चार वर्षांनी पुन्हा तसंच. जूलीला मिठीत घेतलेलं स्वतःचं चित्र तिनं मांडलं, त्यात ती हसतेय आणि दात जरासे दिसतात. दात दाखवून हसणं हे शिष्टाचारात बसत नव्हतं. वर्तमानपत्री टीका झाली. एका आईनं लेकराला जवळ घेऊन हसावं, त्यात शिष्टाचार आला कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आपल्याकडचा एक धागा. 1788 मध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे तीन वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला फ्रान्सच्या राजाकडे गेले होते. राजानं मदत दिली नाही, पण पॅरिसचे लोक त्यांना बघायला लोटले. एलिझाबेथला त्यांचे चेहरे आवडले. पण हे लोक तसबीर काढू देईनात, राजाकडून शब्द आला तेव्हा तयार झाले. ती त्यांच्या मुक्कामी गेली तेव्हा त्यांनी तिच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडलं. मोहम्मद दरवेश खान हा उंच वकील तलवारीवर हात ठेवून उभा राहिला. सोनेरी फुलांचा पांढरा मलमली अंगरखा, डोक्याला पगडी, आणि चेहऱ्यावर असा रुबाब, की राजवाड्यातले पावडर लावलेले सरदार त्याच्यापुढं फिके वाटावेत. नंतर त्यांनी तिला जेवायला बोलावलं. जमिनीवर बैठक, हातानं जेवण, मेंढीच्या पायांचा मसालेदार रस्सा. हिला ते झेपलं नाही, उपाशीच परतली. खानाला मात्र चित्र द्यायचं नव्हतं. त्यानं ते पलंगामागं लपवून ठेवलं, या चित्राला जीव हवा म्हणे. शेवटी हिला ते युक्तीनं काढून आणावं लागलं. हे चित्र 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेलं. जुन्या काळातल्या कुठल्याही बाईच्या चित्राला तोवर एवढा भाव आलेला नव्हता.

त्याच सुमारास तिनं घरी एक जेवण दिलं. ग्रीक पद्धतीचं. पाहुण्यांना चादरी गुंडाळून बसवलं, खर्च पंधराएक फ्रँक. ही गोष्ट राजवाड्यात पोचेपर्यंत खर्च वीस हजार झाला. पुढं ती रोमला गेली तर तिथं चाळीस हजार, व्हिएन्नात साठ, आणि रशियात पोचली तेव्हा ऐंशी हजार! बाई दूर गेली, पण अफवा तिच्या आधी मुक्कामाला.

1789 मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. भाकरीला महाग झालेल्या पॅरिसच्या बायका ऑक्टोबरमध्ये पावसात चालत राजवाड्यावर गेल्या आणि राजा-राणीला शहरात घेऊन आल्या. इथं एक सांगायलाच हवं. या भुकेल्या बायकांचं दुःख एलिझाबेथला कधी समजलं नाही. तिला त्या नुसता दंगेखोर जमाव वाटल्या. ती राणीची माणूस होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. राणीची चित्रकार म्हणून तिच्याही जिवाला धोका होता. त्याच रात्री नऊ वर्षांची जूली आणि मुलीला सांभाळणारी बाई यांना घेऊन, कामकरी बाईचे कपडे घालून, ती घोड्यांच्या प्रवासी गाडीत बसली. नवरा मागं राहिला. आयुष्यभराची कमाईही त्याच्याकडेच राहिली.

आणि इथून पुढं एक गंमत होते. ज्या गावी जावं तिथं लोक तसबिरी काढून घ्यायला रांगेत. रोम, नेपल्स, व्हेनिस, व्हिएन्ना. नेपल्सची राणी तर मारी आंत्वानेतची बहीणच. फ्लोरेन्सच्या संग्रहालयानं तिच्याकडे तिचंच चित्र मागितलं, ते तिनं रोममध्ये काढून पाठवलं. त्यात ती हातात रंगांची पाटी धरून राणीचा चेहरा काढताना दिसते. आणि पहिल्यांदाच पैसा हिच्या स्वतःच्या हातात येऊ लागला. गाडीभाडं, घरभाडं, मुलीच्या शिकवण्या, सगळं ती त्यातून भागवायची. पस्तिशीतली बाई, परकी भाषा, नवरा जवळ नाही. कुणी सोय लावून दिली म्हणून नव्हे, तिचं काम लोकांना हवं होतं म्हणून तिचं निभावलं.

मागं फ्रान्समध्ये तिचं नाव देश सोडून पळालेल्यांच्या यादीत घातलं गेलं. अशांची मालमत्ता सरकारजमा व्हायची. नवऱ्यानं 1794 मध्ये घटस्फोट घेतला, घर आणि चित्रं वाचवायला. त्याची बाजूही सांगायला हवी. आदल्या वर्षी त्यानं तिच्या बचावासाठी पुस्तिका छापली होती, आणि त्या दिवसांत ते सोपं नव्हतं. राजा-राणीचा शिरच्छेद झाल्याचं तिला भावाच्या पत्रातून कळलं. वर्तमानपत्र वाचणं तिनं त्याआधीच सोडलं होतं, कारण एकदा उघडलं तर मारलेल्यांच्या यादीत ओळखीची नऊ नावं निघाली.

1795 मध्ये ती रशियात पीटर्सबर्गला पोचली आणि सहा वर्षं राहिली. कॅथरीन राणीच्या दोन नातींचं चित्र काढलं, तर मुलींचे दंड उघडे म्हणून आजीबाई नाराज. हिनं मुकाट्यानं बाह्या रंगवून दिल्या. पोटापाण्याचं काम आहे, गिऱ्हाईक रुसलं तर चालत नाही.

पण रशियातच तिला सगळ्यात मोठा धक्का बसला. जूली एकोणीसेक वर्षांची झाली होती. तिनं एका रशियन उमरावाच्या चिटणिसाशी लग्न करायचं ठरवलं. आईला मुलगा मुळीच पसंत नव्हता. मुलगी हट्टाला पेटली, आजारी पडली. शेवटी आईनं होकार दिला, हुंडा दिला, कपडालत्ता केला. पण दोघींमधली माया आटली ती आटलीच. सगळ्या प्रवासात जी एकुलती सोबत होती, तीच दुरावली. जिच्या धंद्यावर घर चालतं ती बाई दिवसभर कामात. मुलगी दाईजवळ, पाहुण्यांत वाढलेली. दोष कुणाचा, हे ठरवायला मी धजत नाही. तिचं लग्नही फार काळ टिकलं नाही. 1819 मध्ये जूली पॅरिसमध्ये गेली, वय अवघं एकोणचाळीस.

तिचं नाव यादीतून काढावं म्हणून पॅरिसच्या 255 कलावंतांनी आणि शास्त्रज्ञांनी सरकारला अर्ज केला. ते मान्य झालं, आणि 1802 च्या जानेवारीत ती घरी आली. बारा वर्षांनी. पॅरिस ओळखीचं राहिलं नव्हतं. मग ती पुन्हा निघाली, इंग्लंडला. पुढं दोनदा स्वित्झर्लंड. आता कुणी हाकललं नव्हतं, पायालाच सवय लागली असावी. तिथं डोंगरांची, सरोवरांची चित्रं काढली, गिऱ्हाइकाशिवाय, स्वतःसाठी.

म्हातारपणी तिनं आठवणी लिहिल्या. त्या 1835 पासून तीन भागांत छापून आल्या. शेवटी सगळ्या चित्रांची यादी आहे, गावांप्रमाणे: सहाशेच्या वर तसबिरी, दोनशेच्या आसपास निसर्गचित्रं. 30 मार्च 1842 ला ती गेली, वय शहाऐंशी. लुव्हसिएन गावी तिची समाधी आहे आणि दगडावर रंगांची पाटी आणि कुंचले कोरलेले आहेत. जूलीला मिठीत घेतलेलं ते हसरं चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात टांगलेलं आहे. तुमच्या घरी कुणी नातवंड फोनवर चित्रं बघत असेल, तर त्याच्याकडून शोधून घ्या.