बँक-कर्मचाऱ्याचे शिक्षण आणि गिऱ्हाइकाची भाषा

बँकेचा व्यवहार पैशाचा खरा. परंतु तो चालतो शब्दांच्या आधाराने. ठेवीदार आपली शिल्लक बँकेच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्याच्या हाती येते ते एक अभिवचन. कर्जदार सही करतो ती एका लेखावर. हे अभिवचन किंवा हा लेख ज्याला उमगला नाही, त्याच्यापुरता तो व्यवहार अपुराच राहिला असे म्हणावयास हवे. असे असूनही बँक-कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा विचार करताना भाषेचा विचार सहसा होत नाही. हिशेब, कायदा, पतपुरवठा, संगणक यांचे ज्ञान म्हणजे कौशल्य. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे ही मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाची बाब, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत कितपत टिकते, ते प्रस्तुत लेखात मुख्यतः पुण्याच्या बँकव्यवसायाच्या आधारे पाहावयाचे आहे.

१. कौशल्याची रूढ कल्पना

भारतात बँक-कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक शिक्षणाला नियमित स्वरूप येऊ लागले, ते १९२८ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ ही संस्था स्थापन झाल्यानंतर. तिच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ मिळते आणि बढतीच्या वेळी त्या परीक्षेचा उपयोग होतो; त्यामुळे कारकुनाने अधिकारी होण्याची वाट पुष्कळ अंशी या परीक्षांतून जाते. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईस बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे या शिक्षणाचे एक मोठे केंद्र पुण्यात उभे राहिले. रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय पुण्यास १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आरंभी मुंबईत होती. ती पुढे पुण्याजवळ कोंढव्यास आली. बँकांसाठी उमेदवारांची परीक्षा घेणारी ‘आयबीपीएस’ ही संस्थासुद्धा मूळची याच संस्थेचा १९७५ मध्ये सुरू झालेला एक विभाग. १९८४ मध्ये ती स्वतंत्र झाली.

या सर्व खटाटोपात भाषेकडे दुर्लक्ष का झाले, याचे कारण इतिहासात सापडते. बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी पुण्यास १६ सप्टेंबर १९३५ रोजी झाली आणि ८ फेब्रुवारी १९३६ पासून तिचा व्यवहार सुरू झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि उद्योजक डी. के. साठे हे तिच्या संस्थापकांपैकी होत. अशा बँकेच्या पहिल्या पिढीतील कारकून आणि तिचे गिऱ्हाईक बहुधा एकाच भाषेचे, पुष्कळदा एकाच पेठेतले असावयाचे. कागद इंग्रजी असला, तरी त्याचा अर्थ खिडकीशी मराठीतच उलगडे. भाषा हे कौशल्य तेव्हाही होतेच. ते प्रत्येकाजवळ असल्यामुळे त्याची मोजदाद करण्याची गरज कोणाला भासली नाही, इतकेच.

२. बदललेले गिऱ्हाईक, बदलणारा अधिकारी

१९ जुलै १९६९ रोजी पन्नास कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकी एक होती. यानंतर बँकांच्या शाखा खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि ज्यांनी पूर्वी बँकेचा उंबरठा ओलांडला नव्हता असे अल्पभूधारक, कारागीर, फेरीवाले गिऱ्हाईक म्हणून आले. याच काळात अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना अखिल भारतीय रूप आले. पिल्लै समितीच्या १९७४ च्या शिफारशींवर आधारलेल्या १९७९ च्या सेवानियमांनी राष्ट्रीयीकृत बँकांतील अधिकाऱ्यांच्या सात वेतनश्रेणी ठरविल्या आणि अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकेल असे मान्य केले.

या दोन गोष्टी स्वतंत्रपणे योग्यच होत्या. परंतु एकत्र आल्यावर त्यांनी एक अडचण निर्माण केली. गिऱ्हाईक जसजसे आपल्या भाषेवर अधिक अवलंबून असलेल्या थरांतून येऊ लागले, तसतसा त्याच्यासमोरचा अधिकारी त्या भाषेस परका असण्याचा संभव वाढला. कारकुनाच्या भरतीत राज्यभाषेच्या ज्ञानाची अट असते. अखिल भारतीय परीक्षेतून येणाऱ्या अधिकाऱ्यास ती सामान्यतः नसते. काही बँकांनी अलीकडे स्थानिक भाषेच्या अटीवर अधिकाऱ्यांची वेगळी भरती सुरू केली आहे, हा या अडचणीचाच कबुलीजबाब होय.

अडचण किती गंभीर आहे, हे एका नित्याच्या कागदावरून दिसून येईल. कर्जाचा करारनामा पुष्कळदा इंग्रजीत असतो. इंग्रजी न जाणणाऱ्या कर्जदाराकडून, ‘हा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे’ अशा अर्थाचे निवेदन घेण्याची पद्धत बँकांत आहे. त्या निवेदनाची सत्यता सर्वस्वी समजावून सांगणाऱ्याच्या भाषिक सामर्थ्यावर अवलंबून राहते. ते सामर्थ्य नसेल, तर कर्जदाराचा अंगठा आणि बँकेचे हित ही दोन्ही एका पोकळ वाक्यावर टेकलेली असतात.

३. भाषेतील अडचणींचे स्वरूप

परभाषिक अधिकाऱ्यास मराठी ‘थोडीफार येते’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. अडचणी निदान तीन प्रकारच्या असतात.

पहिली शब्दांची. शेतीकर्जाचा व्यवहार सातबारा, आठ-अ, जिरायत, बागायत, मुद्दल, थकबाकी या शब्दांवाचून होत नाही. त्यांतील अनोळखी शब्द त्रास देतात खरे. परंतु ओळखीचे वाटणारे शब्द अधिक फसवितात. मराठीत ‘हप्ता’ म्हणजे कर्जफेडीचा ठरावीक भाग. हिंदीत ‘हफ़्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी अडकवून ठेवलेली वस्तू. हिंदीत तारण म्हणजे उद्धार. सातबाऱ्यावर ‘बोजा चढविणे’ ही जमिनीवरील कर्जाची नोंद होय, हे हिंदीतील ‘बोझ’ जाणणाऱ्यास आपोआप कळणार नाही. आणि ‘जामीन’ कोण, असे विचारले असता नवख्या कानाला ‘जमीन’ ऐकू आल्यास नवल नाही.

दुसरी अडचण सर्वनामांची. ती अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘तुम्ही’ हे आदरार्थी आहे. हिंदीत आदरासाठी ‘आप’ लागते. ‘तुम’ हे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी. एखादा वृद्ध शेतकरी साहेबाच्या सोयीसाठी हिंदी बोलू लागतो आणि ‘तुम्ही’च्या जागी ‘तुम’ वापरतो. त्याच्या मनात आदर असतो; ऐकणाऱ्याला उद्धटपणा वाटतो. दोघांपैकी कोणाचाही दोष नसताना बोलणे बिघडते. उलट बाजूने, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आपण अर्ज भरू’ या वाक्यात ऐकणारा सामील असतो. ‘आम्ही अर्ज भरू’ यात तो बाहेर राहतो. हिंदीतील ‘हम’मध्ये हा भेद नसल्याने हिंदीभाषकास तो मुद्दाम शिकवावा लागतो. तेलुगुभाषकास मात्र तो आपल्या ‘मनम्’ व ‘मेमु’ या भेदावरून, आणि तमिळभाषकास ‘नाम्’ व ‘नांगळ्’ यांवरून चटकन ध्यानात येईल. म्हणजेच मराठीचा पाठ सर्वांना एकसारखा देऊन भागणार नाही. शिकणाऱ्याची मातृभाषा कोणती, यावर पाठाची मांडणी ठरली पाहिजे.

तिसरी अडचण स्वराघाताची. जॉन गंपर्झ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील एका विमानतळावरील उपाहारगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे वाढणाऱ्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द उतरत्या स्वरात उच्चारीत. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न होता. इंग्रज गिऱ्हाइकांना तो रुक्ष हुकूम वाटे. दोन्ही बाजूंना हा फरक दाखवून देण्यात आल्यावर परस्परांविषयीची कटुता ओसरू लागली. आपल्या खिडकीवरील ‘सही करा’ या दोन शब्दांचेही असेच आहे. स्वर थोडा बदलला, की विनंतीची आज्ञा होते.

४. कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य

येथवरचे विवेचन गिऱ्हाइकाच्या बाजूने झाले. परंतु कर्मचाऱ्याचे दुःखही तितकेच खरे आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविका व वसुली-कर्मचारी यांच्या अभ्यासावरून असे दाखविले की, स्वतःच्या भावना आवरून दुसऱ्याच्या मनात इष्ट भावना उत्पन्न करणे हे या नोकऱ्यांतील एक श्रमच असते. बँकेच्या खिडकीवर हा श्रम रोज घडतो, आणि त्याचे मुख्य हत्यार भाषा हेच आहे. ज्याच्याजवळ ते हत्यार नाही, त्याला समोरच्याचा राग तर सोसावा लागतो, पण तो शांत करता येत नाही. बढती मिळाली म्हणून घर सोडून दूरच्या गावी आलेला तरुण अधिकारी चार लोकांसमक्ष भाषेवरून अवमानित होतो. तेव्हा त्याला शिक्षा होते ती अशा उणिवेबद्दल, की जी भरून काढण्याची सोय त्याला कोणी करून दिलेली नसते. भाषेच्या प्रश्नाला वादाचे रूप येते ते बहुधा अशाच प्रसंगी. आणि मग बोलणे मानापमानाचे होते, शिकण्याचे राहत नाही.

५. तरतूद आणि उणीव

लिखित भाषेची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. खिडक्यांवरील फलक इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषा यांत असावेत आणि गिऱ्हाइकाने धनादेश या तिन्हींपैकी कोणत्याही भाषेत लिहावा, असे त्या सांगतात. परंतु फलक प्रश्नाचे उत्तर देत नाही. बोलण्याच्या भाषेसाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि तिचा नमुना आपल्यासमोर आहे. ज्यांची मातृभाषा हिंदी नाही अशा केंद्रीय व बँक-कर्मचाऱ्यांसाठी प्रबोध, प्रवीण व प्राज्ञ असा पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि उत्तेजन यांची योजना दीर्घकाळ चालू आहे. नोकरी सांभाळून प्रौढ माणूस दुसरी भारतीय भाषा शिकू शकतो, हे या योजनेने गृहीत धरले आहे.

मराठीसाठी अशीच योजना करावयाची, तर तिच्यात तीन गोष्टी असाव्यात. बदलीचा हुकूम आणि नव्या भाषेचा पाठ बरोबर यावेत, आणि त्यासाठी कामाच्या वेळेतून तास मिळावेत. पाठ व्याकरणाच्या क्रमाने न रचता खाते उघडणे, कर्ज समजावणे, तक्रार ऐकणे अशा प्रसंगांच्या क्रमाने रचावेत. परीक्षा तोंडी असावी, आणि तिच्यातील यश बढतीच्या वेळी इतर व्यावसायिक परीक्षांइतकेच मोलाचे धरावे. हे पाठ तयार करण्याचे काम बँकांचे एकट्याचे नव्हे. बँक-शिक्षणाच्या या संस्था आणि भाषाविज्ञानाचे अध्ययन करणारे विभाग पुण्यात एकाच शहरात नांदत आहेत. खिडकीवरील संभाषणांचे, दोन्ही पक्षांच्या संमतीने व नावे वगळून, पद्धतशीर संकलन करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधास योग्य असा विषय होय. त्यातून निघणारे पाठ कर्मचाऱ्याला कामात आत्मविश्वास देतील, आणि करारनाम्याखालचे ते एक वाक्य खरे ठरण्यास साहाय्य करतील.