परक्या हुकमातले कारागीर

राजकारण, युद्ध आणि अवाढव्य तंत्रज्ञान-कंपन्या या तीन विषयांवर ज्याला मत नाही असा सुशिक्षित मनुष्य आज सापडणे कठीण. परंतु ही मते बहुधा तीन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात, म्हणजे युद्धाविषयी आपण करुणेने बोलतो, राजकारणाविषयी त्वेषाने, आणि कंपन्यांविषयी, त्यांच्याच यंत्रावर बोट फिरवीत, काहीशा कौतुकमिश्रित तक्रारीने. हे कप्पे कृत्रिम आहेत असे माझे पुष्कळ दिवसांपासूनचे मत आहे, आणि ते बनण्यास कोणा परदेशी पंडिताच्या ग्रंथापेक्षा भिवंडी हे गाव अधिक कारणीभूत झाले आहे.

ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून काल्हेर, पूर्णा, राहनाळ या वाटेने जावे, अथवा माणकोली नाक्यावरून पडघ्याचा रस्ता धरावा. दोन्ही बाजूंस पत्र्यांच्या छपरांची जी अखंड रांग लागते, ती पूर्वी भाताची खाचरे होती हे सांगूनही खरे वाटू नये. मुंबईची जकात-हद्द जेथे संपत असे तिच्या बाहेर, परंतु मुंबईच्या ग्राहकापासून एका फेरीच्या अंतरावर आणि न्हावा-शेव्याच्या बंदरास रस्त्याने जोडलेली अशी ही भूमी असल्यामुळे व्यापाऱ्यांनी येथे गाळे बांधले. आगरी शेतकऱ्याला भातापेक्षा भाडे अधिक भरवशाचे वाटले, आणि त्यात त्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार भाताला कधीच रास्त भाव न देणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर किंवा तिच्याही वाचून गाळे उभे राहिले. २००७ साली साठ गावांच्या नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे गेला खरा, पण नियोजन येण्यापूर्वी बांधकाम येऊन बसावे ही आपली जुनीच रीत. २०१३ साली, जकात अजून चालू असतानाच, जगातला सर्वांत मोठा ऑनलाइन दुकानदार येथे आला, आणि ॲमेझॉनने भारतातले आपले पहिले गोदाम भिवंडीतच थाटले. २०१७ साली मुंबईची जकात उठली. गोदामे मात्र उठली नाहीत.

आता या भूमीचा एक जुना प्रसंग सांगतो. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आली आणि येथील खाडीत लढाऊ गलबते बांधण्याचा उद्योग सुरू झाला. गलबत बांधण्याची युरोपीय विद्या ज्यांना अवगत होती असे रुई लेइताँव व्हिएगस नावाचे पोर्तुगीज गृहस्थ आणि त्यांच्या हाताखालची माणसे महाराजांनी या कामी नेमली. पगार महाराजांचा, लाकूड महाराजांचे, खाडी महाराजांची. पण शेजारी वसईत बसलेल्या पोर्तुगीज कप्तानाला हे आरमार पुढे कोणाच्या उरावर बसणार याची अटकळ आली, त्याने आपल्या माणसांना आतून फिरवले, आणि कारागीर काम टाकून चालते झाले. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकांमुळे पोर्तुगीज कागदपत्रांतील अशा हकीकती मराठी वाचकापर्यंत आल्या. आरमार पुढे उभे राहिलेच, कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरच्या मुसलमान दर्यावर्दींच्या बळावर उभे राहिले. परंतु ज्या कारागिराचा पगार आपण देतो आणि ज्याचा हुकूम दुसऱ्याकडून सुटतो, त्याच्या भरवशावर किती बांधावे, हा प्रश्न भिवंडीच्या खाडीत तेव्हाच उपस्थित होऊन गेला होता.

तोच प्रश्न २०२५ च्या जुलै महिन्यात, गलबतांऐवजी ई-मेलच्या रूपाने, गुजरातेत उपस्थित झाला. वाडिनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी नायरा एनर्जी ही कंपनी भारतात नोंदलेली. मात्र तिच्या भांडवलाचा ४९.१३ टक्के हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टकडे आहे. युक्रेनच्या युद्धापायी युरोपीय संघाने १८ जुलैस तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व इतर सेवा बंद केली. येथे थोडे थांबून पाहावे: निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची, कारखाना आपल्या किनाऱ्यावर, आणि असे एकतर्फी निर्बंध आम्ही मानत नाही असे आपल्या सरकारने जाहीर केलेले. देशातल्या हजारो पेट्रोल पंपांना तेल पुरवणाऱ्या कारखान्याला स्वतःचीच पत्रे वाचता यावीत म्हणून दिल्लीच्या उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. महिना संपण्याच्या आत सेवा पूर्ववत झाली, आणि वृत्तपत्रांनी विषय सोडून दिला. माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत मोठी राजकीय बातमी होती.

यावर कोणी म्हणेल की परकीय यंत्र काही आज आलेले नाही. भिवंडीचा यंत्रमाग तरी कोठे स्वदेशी होता? खरे आहे. १८५७ च्या बंडाळीनंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांच्या वंशजांनी या गावात जो यंत्रमागाचा संसार मांडला, त्यातले पुष्कळसे माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले आणि मुळात विलायती घडणीचे होते. पण मोडीतला माग एकदा विकत घेतला की तो मालकाचा होत असे; बिघडला तर मोहल्ल्यातला मिस्त्री तो उघडून दुरुस्त करी, एखादा सुटा भाग गावातल्या गावात घडवून घेई, आणि मँचेस्टरच्या कोणा साहेबाला लहर आली म्हणून भिवंडीतला माग थांबला असे कधी घडले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात मुंबईचे कापड भिवंडीकडे वळले ते याच मागांच्या जोरावर. (तेथे बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या, आणि त्या मागांवर कामगार सुखी होता असे म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही.) आजचे यंत्र विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, आणि भाड्याने मिळालेले यंत्र कोणत्या क्षणी थांबवायचे हे घरमालक ठरवतो. १८०२ च्या ३१ डिसेंबरला, येथून फार दूर नसलेल्या वसईत, दुसऱ्या बाजीरावाने जी तैनाती फौज पत्करली तिचाही खर्च त्याचा होता आणि हुकूम ईस्ट इंडिया कंपनीचा.

युद्धाच्या बाबतीत ही स्थिती अधिक उघडी आहे. २०२२ साली क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ रशियन आरमारावर हल्ल्याचा बेत असलेल्या युक्रेनने उपग्रहाची इंटरनेट-सेवा तेथवर पोचवण्याची विनंती केली आणि ती इलॉन मस्क यांनी मानली नाही. हे त्यांनीच पुढल्या वर्षी जगजाहीर सांगितले. निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण लढाईचा निर्णय एका व्यापाऱ्याने आपल्या कचेरीत बसून घ्यावा ही गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या वारसदार मुलखाने तरी निर्विकारपणे वाचू नये. गूगल आणि ॲमेझॉन यांनी २०२१ साली इस्रायलच्या सरकारशी सुमारे १.२ अब्ज डॉलरचा करार केला; गाझातील संहार चालू असता त्या कराराचा निषेध करणाऱ्या सुमारे पन्नास नोकरांना गूगलने २०२४ च्या एप्रिलात घरी बसवले. म्हणजे भिवंडीच्या गाळ्यातून आपला साबण आणि आपल्या मुलाचे अभ्यासाचे पुस्तक धाडणारे घराणे आणि एका युद्धमान राज्याचे दफ्तर सांभाळणारे घराणे एकच आहे.

मात्र २०२५ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने, पॅलेस्टिनी लोकांच्या दूरध्वनी-संभाषणांचा प्रचंड साठा केल्याची बातमी फुटल्यावर, इस्रायली लष्कराच्या एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या, तेव्हा मला आनंद झाला, हे येथे सांगितले पाहिजे. नायराची सेवा बंद झाली तेव्हा संताप आणि ही बंद झाली तेव्हा समाधान, ही विसंगती मला दिसते आणि ती मिटवण्याची घाई मला नाही. दोन्ही वेळी कळ दाबणारा हात एकच होता आणि त्याने आपल्यापैकी कोणालाही विचारले नव्हते, एवढे मात्र त्या समाधानातही विसरता येत नाही. आपले सरकारही कळ दाबते: गलवानच्या चकमकीनंतर, २९ जून २०२० रोजी, त्याने ५९ चिनी ॲपे एका फर्मानाने बंद केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारला निदान पाच वर्षांनी मते मागावी लागतात.

राजकारणाकडे वळताना भिवंडीचा आणखी एक इतिहास समोर येतो. १९७० च्या मे महिन्यातली शिवजयंतीच्या मिरवणुकीची दंगल, तिच्यावरचा न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग, आणि तरीही १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, असा या गावाचा लौकिक होता. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या मोहल्ला समित्या नेमल्या. दंगल पेटल्यावर बोलावायची शांतता-समिती नव्हे, तर नळाचे, भाड्याचे, शेजाऱ्याच्या कटकटीचे किरकोळ तंटे नित्य एकत्र बसून सोडवणारी, ज्यांना एकमेकांची पोरे नावानिशी ठाऊक आहेत अशा माणसांची मंडळी. १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. अफवा तेव्हाही होती. पण ती ज्याच्या कानी येई त्याला ती आणणाऱ्याचा चेहरा दिसत असे, आणि ‘तुला कोणी सांगितले रे?’ असे विचारता येत असे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यास, पोरे पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने उपाय जाहीर केला: भारतात एक संदेश एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही. उपाय निरुपयोगी होता असे मी म्हणत नाही. पण राईनपाड्याच्या शिवारात कोणता समाज भिक्षेसाठी फिरतो, त्याच्याकडे कोणती कागदपत्रे असतात, हे ठाऊक असणारा एकही मनुष्य त्या निर्णयाच्या टेबलाशी नसावा. खोपड्यांच्या समितीत असा मनुष्य नेमूनच बसवलेला होता.

निवडणुकीत या गोष्टींविषयी आपण उमेदवाराला काय विचारतो? रस्ते, पाणी, आणि कोण कोणाचा माणूस. शिवाजीनगर असो वा निजामपुरा, प्रश्नपत्रिका तीच. गाळ्यांत काम करणाऱ्या तरुणाला मात्र विचारण्यासारखे पुष्कळ आहे. ठेकेदारामार्फत लागलेल्या त्या मुलाच्या हातातले स्कॅनर त्याला कोणत्या फळीवरून कोणता माल उचलायचा ते सांगते आणि त्याचा वेग मोजते. मुकादमाशी भांडता येत होते, प्रसंगी त्याला चहा पाजून मनवता येत होते, पण या यंत्राचा मुकादम कोठे राहतो हे ठेकेदारालाही माहीत नसते. महाराष्ट्राला असा पेच नवा नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत हमालाचा खरा मालक कोण हेच ठरत नसे, तेव्हा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी, आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा द्यावी, अशी त्याची योजना होती. मालक सापडत नसेल तरी पैसे कोठे भरायचे ते ठिकाण सापडले. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने आता घरोघर माल पोचवणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली आहे; गाळ्यातल्या मुलाला स्कॅनरविरुद्ध दाद कोठे मागायची, याचे ठिकाण मात्र माणकोलीपासून पडघ्यापर्यंत कोठेही नाही, आणि ते उभारण्याला मायक्रोसॉफ्टची किंवा ॲमेझॉनची परवानगी लागत नाही, मुंबईच्या विधानभवनातले बहुमत पुरते.